कडबोळं वळलं तर पुढे वाचा: इंग्लंडमधल्या चिकणमातीच्या गावाचा इतिहास कसा शोधायचा

फेब्रुवारीत आमच्या परसातल्या हिरवळीवर पाय ठेवला की पचपच आवाज येतो आणि बुटाचा ठसा आठवडाभर तसाच राहतो. ऑगस्टमध्ये त्याच जागी उभा तळहात आत जाईल एवढी भेग पडते. बकिंगहॅमशायरच्या उत्तर टोकाला घर घेतलं तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं, पण मराठवाड्यात काळ्या रानात वाढलेल्याला ते सांगावंही लागत नाही. पाणी पिऊन फुगायचं, सुकलं की आक्रसायचं, हा भारी जमिनीचा स्वभाव. आपली काळी माती बेसॉल्टची आणि इथली जुन्या समुद्रतळाची, कुळं वेगळी, पण वागणूक ओळखीची.

आपण राहतो त्या इंग्रजी गावाचा इतिहास शोधायची हौस इथल्या बऱ्याच मराठी मंडळींना असते. सुरुवात मात्र बहुतेक जण चर्चमधल्या पाट्या वाचून आणि जमीनदाराच्या वंशावळीपासून करतात. मी म्हणतो, आधी माती बघा. नांगराला किती बैल लागले, कुणाची गाडी कोणत्या महिन्यात रुतली, शेत मोडून कुरण का झालं आणि गाव का उठलं, यातलं बरंचसं मातीपाशी उलगडायला लागतं.

शब्द एकच समजून घ्या: पॅरिश. मुळात एका चर्चला दशांश, म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा, देणारं गाव आणि त्याचं शिवार म्हणजे पॅरिश. आपल्या महसुली गावासारखी त्याला शीव असते. एकोणिसाव्या शतकात चर्चची पॅरिश आणि कारभाराची पॅरिश वेगळी झाली, हद्दीही सरकल्या. म्हणून जुना कागद वाचताना जुनीच शीव धरायची.

पहिली पायरी: माती हातात घ्या

खणायची गरज नाही आणि परवानगीशिवाय खणूही नका. सार्वजनिक पायवाटेने शेतातून जाताना मोल नावाच्या प्राण्याने उकरलेले मातीचे छोटे ढीग दिसतात. त्याने आतली माती आयती वर आणून ठेवलेली असते. त्यातली मूठभर घ्या, खडे काढा, थोडं पाणी लावून मळा आणि कडबोळ्यासारखी वळी करा. वळी होण्याआधीच भुगा झाला तर वाळूची हलकी जमीन. वळी झाली पण वाकवताना तुटली तर मधली. न तडकता कडबोळं जमलं आणि अंगठ्याचं नख फिरवल्यावर चकाकी आली, तर ती चिकणमाती.

ही परीक्षा शिवारात चार ठिकाणी करा: टेकडीवर, उतारावर, ओढ्याकाठी आणि चर्चजवळ. एकाच गावात चार उत्तरं मिळणं नेहमीचंच.

दुसरी पायरी: नकाशात दोन थर बघा

ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा नकाशा इंटरनेटवर फुकट बघता येतो. त्यात दोन थर असतात: खालचा मूळ खडक आणि त्यावर नंतर पसरलेली माती. नवखे लोक खालचाच बघून मोकळे होतात आणि तिथेच फसतात. आमच्याकडे खाली ऑक्सफर्ड क्ले आहे, ज्युरासिक काळातल्या समुद्राचा सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा गाळ. पण टेकड्यांच्या माथ्यावर बोल्डर क्ले आहे. सुमारे साडेचार लाख वर्षांपूर्वी हिमनदीने वाटेतलं सगळं भरडत आणून टाकलेला हा राडारोडा, म्हणून त्यात खडूचे पांढरे खडे सापडतात. खडू म्हणजे चुना, त्यामुळे ही माती जड असली तरी आंबट नसते. जड मातीतही गहू का पिकला, याचं उत्तर अनेकदा त्या पांढऱ्या खड्यांत असतं.

क्रॅनफिल्ड विद्यापीठाचा 'सॉइलस्केप्स' नकाशाही उघडा. तिथे तुमच्या शिवाराच्या वर्णनात पाणी हळू मुरतं आणि हंगामात जमीन पाणथळ होते अशा अर्थाचं काही दिसलं, तर ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक कागदाशी ते ताडून बघायचंय.

तिसरी पायरी: गाव कुठे बसलंय आणि नाव काय सांगतं

चिल्टर्न टेकड्यांच्या पायथ्याच्या पॅरिश नकाशावर बघा. एकेक शीव कापडाच्या लांब पट्टीसारखी दिसते. वरच्या टोकाला खडूचा डोंगर, तिथे मेंढ्या आणि रान. खालच्या टोकाला गॉल्ट क्लेचा सखल भाग, तिथे गवत आणि गुरं. खडूतून झिरपलेलं पाणी चिकणमातीला अडून जिथे झऱ्यांनी बाहेर पडतं, त्या रेषेवर गाव. प्रत्येक गावाला प्रत्येक जातीच्या जमिनीचा वाटा मिळावा असा तो हिशेब आहे. विल्टशायरमध्ये याच फरकावरून मुलुखालाच नावं पडली, खडूचा मुलुख आणि चीजचा मुलुख. चीजचा तो अर्थातच चिकणमातीचा.

नावं फार बोलकी असतात. आमच्या जवळच क्लेडन नावाची चार गावं आहेत: स्टीपल, मिडल, ईस्ट आणि बोटॉल्फ. क्लेडन म्हणजे चिकणमातीची टेकडी. बेडफर्डशायरमधल्या बार्टनला तर 'ल क्ले' अशी शेपटीच जोडली आहे. पण खरी मजा शेतांच्या नावांत आहे. 'पुडिंग एकर' म्हणजे पायाला चिकटणारं मऊ शेत. 'कॅट्सब्रेन', शब्दशः मांजराचा मेंदू, म्हणजे खडे मिसळलेली चिकणमाती. 'हंगर हिल', म्हणजे भुकेची टेकडी, हे नाव कुणी ठेवलं असेल ते सांगायला नको. 'स्टॉकिंग' दिसलं तर मोज्यांचा विचार करू नका, झाडं तोडून बुंधे काढलेली जागा असते ती.

चौथी पायरी: वरंबे वाचायला शिका

इथे घाई करू नका. चिकणमातीच्या मुलुखातला सगळ्यात मोठा दस्तऐवज कुरणात पसरलेला आहे.

हिवाळ्यात दुपारी तीनच्या सुमाराला, ऊन कलतं असताना, एखाद्या जुन्या कुरणाच्या फाटकाशी उभे राहा. जमीन लाटांसारखी दिसेल. आपल्या उसाच्या सरी-वरंब्यासारखीच, पण एकेक वरंबा सात-आठ मीटर रुंद. मध्ययुगात प्रत्येक कुटुंबाच्या जमिनीचे पट्टे गावाच्या दोन-तीन मोठ्या उघड्या शेतांत विखुरलेले असत. नांगर पट्ट्याच्या मध्यापासून सुरू करून फेऱ्या घालत माती आतल्या बाजूला लोटायचा. दरवर्षी तसंच केल्याने पट्ट्याची पाठ उंच झाली आणि दोन पट्ट्यांमध्ये सरी पडली. पावसाचं पाणी त्या सरीतून वाहून जायचं आणि शेजाऱ्याची हद्दही तीच ठरायची. भारी जमिनीत याशिवाय गव्हाची मुळं कुजली असती.

आता वरंब्याची चाल बघा. तो सरळ नसतो. वरून पाहिलं तर उलट्या इंग्रजी 'एस'सारखा हलका वळलेला दिसतो. आठ बैलांचं लांबलचक औत टोकाला पोचल्यावर जागच्या जागी वळत नाही, म्हणून शेवट जवळ येऊ लागला की नांगऱ्या बैलांना आधीच डावीकडे घ्यायचा. शतकानुशतकं ते वळण जमिनीत उतरलं. आपल्याकडे काळ्या रानात चार-चार जोड्या जुंपायचे, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना हे चित्र लगेच डोळ्यासमोर येईल. फर्लांग हा शब्दही इथलाच. आजोबा 'दोन फर्लांगावर विहीर आहे' म्हणायचे. त्या फर्लांगाचा मूळ अर्थ नांगराने पाडलेल्या एका सरीची लांबी, २२० यार्ड. त्याला २२ यार्डांची रुंदी दिली की एक एकर होतो, ढोबळमानाने एका दिवसाची नांगरट. प्रत्यक्षातले पट्टे बहुधा याहून लहान असायचे.

मे महिन्यात याच कुरणात पुन्हा जा. पिवळी बटरकपची फुलं सगळीकडे दिसतात, पण जवळ वाकून बघा. वरंब्याच्या कोरड्या पाठीवर कंदवाली जात आणि ओल्या सरीत जमिनीवर सरपटणारी. फुलाखालची हिरवी पाकळी उलटी खाली वळलेली असेल तर ती कंदवाली. सहाशे वर्षांपूर्वीच्या निचऱ्याची रेघ फुलांनी अजून आखलेली असते.

घरबसल्या बघायचं असेल तर पर्यावरण विभागाने विमानातून लेझरने मोजलेली जमिनीची उंची, म्हणजे लिडार, फुकट मिळते. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर लिडार आणि जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे शेजारी-शेजारी उघडता येतात. एका बाजूला बोट फिरवलं की दुसऱ्या बाजूला तीच जागा. रात्रीचं जेवण करपवण्याची ताकद आहे त्यात, आधीच सांगून ठेवतो.

इथे माझी एक फजिती सांगायला हवी. पहिल्या हिवाळ्यात मी एका कुरणातले वरंबे मोजून, टिपून, 'मध्ययुगीन' असा शिक्का मारून मोकळा झालो. ते काटेकोर सरळ होते आणि अरुंदही. नंतर कळलं की सरळ, अरुंद वरंबे बहुधा एकोणिसाव्या शतकातले असतात. वाकडे आणि रुंद ते जुने. महिनाभराची वही गेली.

वरंबे पक्के ओळखायला शिकायचं असेल तर पॅडबरी बघा. बकिंगहॅमजवळच्या या गावात ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजची जमीन होती आणि कॉलेजने १५९१ मध्ये तिचा नकाशा करून घेतला. त्यात एकेक पट्टा काढलेला आहे. विसाव्या शतकात विमानातून काढलेले फोटो त्या नकाशाशेजारी ठेवले तेव्हा कागदावरचे पट्टे आणि कुरणातले वरंबे जुळले.

आता यातली खोच. वरंबे टिकले ते शेती मोडली म्हणून. नांगर चालूच राहिला असता तर ते सपाट झाले असते. वरंबे जिथे सुंदर दिसतात, तिथे कधीतरी गहू काढून गवत लावलं गेलं. ते कुणी लावलं आणि कुणाला उठवून, हा पुढचा प्रश्न.

पाचवी पायरी: कागद

क्रम असा ठेवा. आधी व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी बघा. १८९९ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाचे गाववार लेख बरेचसे 'ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइन'वर आहेत. मग १०८६ चं डूम्सडे, राजाने करून घेतलेल्या जमीनपाहणीचं पुस्तक. त्यात तुमच्या गावात किती नांगर होते ते असतं आणि एक नांगर म्हणजे आठ बैल धरतात. काही परगण्यांत रान किती डुकरांना पुरेल यावर मोजलंय. नांगर कमी आणि डुकरं फार असतील तर तिथली चिकणमाती तेव्हा अजून झाडाखाली होती, असा अंदाज बांधायला हरकत नाही.

त्यानंतर कुंपणबंदीचे कागद. उघड्या शेतांतले विखुरलेले पट्टे एकत्र करून ज्याचा-त्याचा तुकडा कुंपणात घालायचा, ही ती कुंपणबंदी. ती दोन लाटांत झाली. पहिली पंधराव्या-सोळाव्या शतकातली, मेंढ्यांसाठी. लेस्टरशायरमधलं इंगर्सबी लेस्टरच्या मठाने १४६९ मध्ये कुंपणात घातलं. आज तिथे गवताखाली गावाच्या रस्त्यांचे आणि घरांच्या जोत्यांचे उंचवटे आहेत. १६०७ मध्ये मध्य इंग्लंडमधले लोक अशा कुंपणांविरुद्ध उठले. म्होरक्या जॉन रेनॉल्ड्स, लोक त्याला 'कॅप्टन पाऊच' म्हणायचे. आपल्या पिशवीत सगळ्यांचं रक्षण करणारी वस्तू आहे असं तो सांगायचा. पकडल्यावर त्या पिशवीत हिरव्या चीजचा तुकडा निघाला, अशी नोंद आहे. त्याच वर्षी ८ जूनला नॉर्दम्प्टनशायरमधल्या न्यूटनला चाळीस-पन्नास माणसं मारली गेली.

दुसरी लाट संसदेच्या कायद्यांची, मुख्यतः १७५० ते १८५० दरम्यानची. प्रत्येक गावाचा वेगळा कायदा, त्याचा निवाडा आणि बहुतेकदा नकाशा. ते परगण्याच्या अभिलेखागारात मिळतात. निवाड्यात रस्त्यांची रुंदी बघा, ४० फूट किंवा त्याहून जास्त. एवढी कशाला? हिवाळ्यात मधला भाग चिखल झाला की गाडी कडेने काढता यावी म्हणून. आज त्या रुंद कडांवर नुसतं गवत असतं.

मग दशांशाचा नकाशा. १८३६ च्या कायद्याने चर्चचा दशांश धान्याऐवजी पैशात घ्यायचं ठरलं आणि त्यासाठी गावोगाव शेतनिहाय मोजणी झाली. मालक, कसणारा, शेताचं नाव, पीक की कुरण, क्षेत्र. इंग्लंडचा सातबाराच समजा. क्षेत्र एकर, रूड आणि पर्चमध्ये लिहिलेलं असतं आणि इथे आपण मराठी लोक मजेत असतो. एकराचे ४ रूड, रूडचे ४० पर्च. आपले एकराला ४० गुंठे. म्हणजे एक रूड दहा गुंठे आणि चार पर्च एक गुंठा. इथल्या मित्रांना कॅल्क्युलेटर लागतो, आपल्याला नाही.

एक सापळा मात्र आहे. कुंपणबंदीच्या वेळीच दशांशाच्या बदल्यात जमीन देऊन तो विषय मिटवला असेल, तर त्या गावाचा दशांशाचा नकाशा बहुधा नसतोच किंवा थोड्या तुकड्याचाच असतो. मध्य इंग्लंडच्या चिकणमातीत अशी गावं फार. नकाशा सापडला नाही म्हणून खट्टू होऊ नका, कुंपणबंदीचा निवाडा मागा.

विसाव्या शतकासाठी लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जा. १८६६ पासूनचे गाववार पीक आणि जनावरांचे वार्षिक आकडे 'एमएएफ ६८' या संचात आहेत. १९४१ ते १९४३ चं शेत सर्वेक्षण 'एमएएफ ३२' मध्ये. हे दुसरं चुकवू नका. प्रत्येक शेताची जमीन शेकडा किती भारी, किती मध्यम, किती हलकी, हे त्यात लिहिलेलं असतं. शेतकऱ्याला ए, बी, सी असा दर्जाही दिलेला असतो आणि खालचा दर्जा असेल तर कारण काय, म्हातारपण, भांडवलाची कमतरता की 'वैयक्तिक दोष', तेही. एखाद्या सी दर्जावाल्याचा कागद त्याच्या जमिनीच्या टक्केवारीशेजारी ठेवून वाचा. दोष माणसाचा होता की मातीचा, असा प्रश्न मला दर वेळी पडतो.

सहावी पायरी: पाणी कुठे गेलं ते विचारा

आपल्याकडे 'वाफसा' हा एक शब्द आहे, त्याला इंग्रजीत नेमका जोड मला अजून सापडलेला नाही. हलक्या जमिनीत वाफसा लांबतो, चिकणमातीत तो चार दिवसांचा. चुकला की एक तर चिखल, नाहीतर वीट. इथल्या शेतीतले मोठे बदल भारी जमिनीला उशिरा पोचले त्याचं कारण हेच. सलगम लावून त्यावर हिवाळ्यात मेंढ्या चारायच्या, ही अठराव्या शतकातली गाजलेली युक्ती हलक्या जमिनीची. चिकणमातीत मेंढ्यांनी सगळं शेत तुडवून चिखल केलं असतं. म्हणून इथे गहू, घेवड्यासारख्या शेंगा आणि पड, हेच चक्र लांबलं.

उपाय होता जमिनीखालून निचरा. एसेक्स आणि सफकमध्ये आधी चर खणून त्यात काटक्या भरायचे. मग भाजलेली कौलं आणि १८४० च्या दशकात यंत्रावर काढलेले गोल नळ आले. विटांवर तेव्हा कर होता. १८२६ मध्ये निचऱ्याच्या कौलांना तो माफ झाला, पण कौलावर 'ड्रेन' असा शिक्का हवा, ही अट. त्या शिक्क्याचं कौल नांगरलेल्या शेताच्या कडेला दिसलं तर ते १८२६ नंतरचं. १८४६ पासून सरकारने निचऱ्यासाठी कर्जंही दिली.

एवढं करूनही १८७० च्या दशकाच्या शेवटी पावसाळी वर्षं लागली. १८७९ तर फारच वाईट गेलं. त्यात अमेरिकेचा स्वस्त गहू बंदरांत आला. एसेक्समध्ये जड जमिनीला 'तीन घोड्यांची जमीन' म्हणायचे. एका नांगराला तीन घोडे, आणि पीक दोन घोड्यांचं. शेतं ओस पडली आणि काही ठिकाणी स्कॉटलंडहून आलेल्या दूधवाल्या शेतकऱ्यांनी ती स्वस्तात घेतली. दुसऱ्या महायुद्धात याच कुरणांवर पुन्हा नांगर फिरला. त्यानंतरच्या दशकांत ट्रॅक्टरने किती वरंबे सपाट केले, ते लिडार आणि १९४० च्या दशकातले हवाई फोटो शेजारी ठेवले की दिसतं.

खड्डे आणि वीटभट्ट्या

शेताच्या कोपऱ्यातलं तळं नैसर्गिक समजू नका. बहुतेक वेळा ती माती काढलेली खाण असते, विटांसाठी किंवा शेजारच्या वाळूच्या शेतात घालायला. दशांशाच्या यादीत 'ब्रिक किल्न क्लोज', म्हणजे वीटभट्टीचं कुंपणातलं शेत, आहे का बघा. ऑक्सफर्ड क्लेच्या खालच्या थरात इतकं सेंद्रिय द्रव्य असतं की वीट भाजताना ती स्वतःच जळणाला हातभार लावते. त्याच जोरावर पीटरबरोजवळ आणि बेडफर्डशायरमधल्या स्टुअर्टबीला वीट कारखाने उभे राहिले. स्टुअर्टबीचा २००८ मध्ये बंद झाला. तिथले खड्डे आता तळी आहेत.

दोन गोष्टींत सावध राहा

जुने पुराणवस्तूवाले म्हणत, चिकणमातीत आधी कुणी राहतच नव्हतं, जंगल होतं. कारण पिकाच्या रंगातल्या फरकावरून गाडलेली घरं-खंदक विमानातून ओळखायची, आणि ओल धरणाऱ्या मातीत तो फरक सहसा उमटत नाही. केंब्रिजजवळ केंबोर्न हे नवं गाव वसवताना खणलं तेव्हा त्या जड मातीत लोहयुगातली आणि रोमन काळातली वस्ती सापडली. नकाशावर ठिपका नाही म्हणून माणूस नव्हता असं लिहू नका.

आणि सगळं मातीवर ढकलू नका. पॅडबरीच्या मातीत १५९१ मध्ये गहू होता, नंतर गवत आलं, आज आसपास पुन्हा गहू आहे. माती तीच. बदलले ते भाव, कायदे आणि मालक. मातीने एवढंच ठरवलं की प्रत्येक बदलाचा खर्च किती आणि घाम कुणाचा.

एकदा लॅक्स्टनला जाऊन या

नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन. इथे उघड्या शेतांची पद्धत अजून चालू आहे. १६३५ चा मार्क पीअर्सने केलेला नकाशा आहे आणि वेस्ट फील्ड, मिल फील्ड, साउथ फील्ड ही तिन्ही शेतं आजही त्याच नावांनी कसली जातात. माती लाल, मर्सिया मडस्टोनची, बुटाला धरून ठेवणारी. नोव्हेंबरअखेरीस गावातले पंच गव्हाच्या शेताची फेरी काढतात, पट्ट्यांच्या खुणेचे खुंट ठोकतात आणि शेजाऱ्याच्या किंवा गावाच्या जागेत कुणाचा नांगर गेला असेल तर नोंद घेतात. आठवड्याने डव्हकोट इन या पबमध्ये गावची सभा बसते आणि दंड ठरतो, काही पौंडांचा. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्यावर आयुष्यभर कोर्टात जाणारी माणसं आपण पाहिलेली असतात, त्यामुळे ही सभा आपल्याला परकी वाटत नाही.

जाताना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घ्या. गाडीत जुनी वर्तमानपत्रं अंथरा. आणि फाटकापाशी एक मूठ लाल माती घेऊन कडबोळं वळून बघा.